बाटलीतला शेप्या

केदारखेड्यात आंब्याचं झाड बाटलीत घालणारा पहिला माणूस मी. माझ्यानंतर कुणी घातलं नाही, त्यामुळे शेवटचाही मीच. अजूनही गावात कुणाला जादा शहाणपण सुचलं की लोक विचारतात, "काहून रे, बाटल्या मांडून राह्यला का?" विचारणाऱ्यांतल्या निम्म्यांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता.

तर आमच्या घरामागे आंब्याचं एक झाड होतं. त्याचं नाव शेप्या, कारण त्याच्या फळाला शेपूच्या भाजीचा वास यायचा. (शेपू ताटात दिसली की मी आजही ताट सरकवतो, पण त्या आंब्याच्या कोया मी पांढऱ्या होईपर्यंत चोखलेल्या आहेत!) झाड लावलं होतं माझ्या वडिलांनी, म्हणजे दादांनी. दादा गावच्या शाळेत शिक्षक, अख्खं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं. पण झाड लावलं तेव्हा ते गुरुजी नव्हते, गावकुसाबाहेरचं एक पोर होते. एका मळ्यात आंबे उतरवायच्या दिवसांत राबायला जायचे. संध्याकाळी मालक माळ्यावरून आंबा खाली टाकायचा आणि हे खाली सदऱ्याचा ओचा पसरून उभे राहायचे. हाताला हात लागू नये म्हणून ही सोय. त्यातल्या एका आंब्याची कोय दादांनी घरामागे पुरली आणि तिचा शेप्या झाला.

पुढे छप्पन साली आमच्या घरानं दीक्षा घेतली. देव्हारा गेला, सण बदलले, नंतर मी जन्मलो तर माझं नाव मिलिंद ठेवलं. आणि दादांनी घराला एक जास्तीचा नियम घालून दिला: आंबा फेकायचा नाही, टोपलीतून घे असंही म्हणायचं नाही, समोरच्याच्या हातात हात लावून द्यायचा. उतारा झाला की ते ओसरीवर बसायचे. येईल त्याच्या तळहातावर आंबा ठेवायचे आणि वरून आपला दुसरा हात ठेवायचे. एकदा मी अंगणात उभ्या असलेल्या मित्राकडे आंबा चेंडूसारखा टाकला, त्यानं तो झेललाही झकास. दादांनी तो आंबा त्याच्याकडून परत घेतला, माझ्या हातात दिला आणि मला त्याच्यासमोर उभं करून पुन्हा द्यायला लावला.

बहात्तरच्या दुष्काळानं शेप्याची एक बाजू वाळली. मी औरंगाबादला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला पोचलो तोवर दुसऱ्या बाजूला खोडकिडा लागला. बुंध्याशी भुशाचे ढीग पडायला लागले. दादा शाळेतून आले की खोडाला हात लावून उभे राहायचे. माय म्हणायची, "झाडाआधी ह्येच वाळतेल." नंतर लावलेल्या दोन कोयांची झाडं झाली होती, पण त्यांचे आंबे निव्वळ लोणच्याचे निघाले, कोयीतून आईसारखंच पोर येईल याची खात्री कोण देणार? भोकरदनहून कलमं बांधणारा माळी बोलावला. त्यानं काड्या वाकवून पाहिल्या, याच्यात दम उरला नाही म्हणाला, चहा पिऊन निघून गेला. मग दादांनी जेवताना माझ्याकडे पाहिलं.

"मिलिंद, तू झाडाचंच शिकून राह्यला ना? मंग काहीतरी कर. मला ह्योच आंबा पाहिजे. दुसरा नको."

दादांनी माझ्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं. भाकरीचा घास माझ्या तोंडात तसाच राहिला. आणि त्या भरात मी जे बोललो त्यानं पुढचं सगळं महाभारत घडलं. मी म्हणालो, "एक काय, हजार करतो."

याला आधार होता. आमच्या कॉलेजात एका सरांची काचेची खोली होती. तिथं ते बाटल्यांमध्ये केळीची रोपं वाढवायचे. टिश्यू कल्चर! झाडाच्या कोवळ्या शेंड्याचा बारीकसा तुकडा घ्यायचा, बाटलीतल्या थलथलीत जेलीवर ठेवायचा. त्याला कोंब फुटतात, त्या कोंबांचे पुन्हा तुकडे, त्यांना पुन्हा कोंब, आणि सगळी रोपं हुबेहूब आईसारखी. बी.एस्सी.वाल्यांना आत जायची परवानगी नव्हती, म्हणून आम्ही काचेला नाक लावून बाहेरूनच बघायचो. (एकदा काचेवर माझ्या नाकाचा डाग पडला. शिपायानं मला फडकं देऊन तो पुसायला लावला. टिश्यू कल्चरमधला माझा हाताशी आलेला अनुभव तो एवढाच.)

परीक्षा संपताच घरी येऊन सामान जमवायला लागलो. जुन्या जालन्यात घाऊक किराण्याच्या दुकानातून जेलीसाठी चायनाग्रास आणलं. इतकं मागितलं की दुकानदारानं विचारलं, "दावत है क्या मियाँ?" मी म्हणालो, आंब्याची रोपं करायचीत. त्यानं पुडा बांधता बांधता मला नखशिखांत न्याहाळलं. मावशीचा कुकर उचलून आणला, बाटल्या उकडायला. दवाखान्यातून सलाईनच्या रिकाम्या बाटल्या, त्यांच्या तोंडात बसवायला कापूस. शेंडे धुवायला पंचायतीनं विहिरीत टाकायला आणलेली टीसीएल पावडर. साखर घरची, ताकदीच्या गोळ्या मायच्या. राहिलं नारळाचं पाणी. त्यात कोंब फुटवणारं काहीतरी असतं असं सरांना बोलताना मी काचेबाहेरून ऐकलं होतं. पण आमच्या घरात नारळ यायचं कारणच उरलं नव्हतं.

नारळ आणला सालूबाईनं. सालूबाई आमची शेजारीण, धनगराची. तिच्या मेंढ्या आमच्या अंगणातून जायच्या आणि आमच्या शेप्याचे आंबे तिच्या छपरावर पडायचे. दोन्हींवरून कधी भांडण झालं नाही. ती पिंपळगावला रेणुकाईच्या दर्शनाला निघाली होती. परत आली ती न फोडलेला नारळ पदराखाली घेऊन. म्हणाली, "देवीला सांगून आले, ह्यो गुरुजीच्या झाडाला देते. पुढल्या बारीला तुला दोन." ज्याच्या घरी देव नाही त्याच्या झाडासाठी देवीकडे उधारी करून आलेली बाई ही!

आता महत्त्वाचं काम होतं स्वच्छतेचं. टिश्यू कल्चरला धूळ चालत नाही, श्वास चालत नाही, बोट तर बिलकुल चालत नाही. एक जंतू आत गेला की जेलीवर बुरशीची शेती. आमच्या घरात दार असलेली खोली एकच, मागची, धान्याची. ती मी ताब्यात घेतली. चुन्यानं रंगवली, फटी कागदानं बुजवल्या आणि दारावर शाळेतल्या खडूनं ठळक अक्षरात लिहिलं: "आत येऊ नका. हात लावू नका." मी स्वतः कोपरापर्यंत हात धुऊन, तोंडाला रुमाल बांधून आत जायचो. स्पिरिटच्या दिव्यावर ब्लेडची पाती तापवायची, शेंडा कापायचा, बाटलीत सोडायचा, बोळा लावायचा. बाहेर आलो की मला स्वतःचाच आदर वाटायचा.

अडचण एकच होती. ज्वारीच्या पिठाचा डबा त्या खोलीत राहिला होता. मायनं स्वयंपाकाच्या वेळी दार वाजवायचं, मी दार चिमूटभर उघडायचो, ती बाहेरून परात धरायची आणि मी वरून पीठ सोडायचो. परात माझ्या हाताला लागली की मला पुन्हा हात धुवावे लागायचे, म्हणून मी तिला परात जरा खाली धरायला सांगायचो. एके दिवशी दादा ओसरीवरून हे बघत होते. त्या दिवशी ते न जेवताच उठले. मायनं विचारलं तर म्हणाले, भूक न्हाई. मला वाटलं, ऊन लागलं असेल. बी.एस्सी.पर्यंत शिकलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार?

मग एका सकाळी सालूबाई आली. रोजचं दूध घालून झाल्यावर मायला म्हणाली, माझ्या नारळाचं काय झालं ते बघू दे. आणि सरळ मागच्या खोलीकडे निघाली. मी आतून धावत आलो, रुमाल बांधलेलाच, आणि उंबऱ्यावर दोन्ही हात आडवे केले.

"सालूमावशी, थांबा. आत येऊ नका. हात धुतलेले नाहीत तुमचे."

तिनं आपल्या हातांकडे पाहिलं. दुधाचे हात. मग ती हसली, मोठ्यानं, तिच्या नेहमीच्या पद्धतीनं, आणि ओसरीकडे वळून म्हणाली, "गुरुजी, आमच्यातलं सोवळं आता तुमच्याकडं राह्याला आलं का?"

तिनं थट्टा केली होती. पण आमच्या घरात कुणी हसलं नाही, तेव्हा तीही हसायची थांबली आणि चरवी घेऊन निघून गेली. दादा ओसरीवरून उठले, दारापाशी आले आणि खडूनं लिहिलेलं वाचू लागले. शुद्धलेखन तपासताना वाचायचे तसं, शब्दावर शब्द.

मी समजावू लागलो. दादा, हे जंतूंसाठी आहे. जंतू सगळ्यांच्याच हाताला असतात, माझ्यासुद्धा. माणसाचा संबंध नाही.

"आमाला बी कारणच सांगितलं व्हतं," दादा म्हणाले. "तवा जंतू न्हवते, इटाळ व्हता."

मला राग आला. (समोरच्याचं खरं असेल तेव्हा मला तो लवकर येतो!) मी म्हणालो, झाड हवंय कुणाला, तुम्हाला की मला? झाड त्यांनाच हवं होतं, आणि ते वाचवणारा गावात एकच शहाणा उरला होता. ते मागे सरले आणि वाळत्या शेप्याखाली जाऊन बसले. त्यानंतर त्या दाराकडे ते बघायचे नाहीत.

सालूबाईनं दूध घालणं सोडलं नाही. पण आता ती चरवी अंगणातच ठेवायची आणि मायला हाक मारायची. ओसरीवर चढायची नाही. मायनं दोनदा ओढून वर आणायचा प्रयत्न केला, तर म्हणे घाई हाय.

आत बाटल्यांमध्ये काय चाललं होतं? शेंडे हिरवे होते, पण त्यांच्याभोवतीची जेली हळूहळू काळी पडत होती. मायनं दाराच्या फटीतून विचारलं, काळं काय दिसतंय? मी सांगितलं, मुळं फुटायची तयारी. हे मी कुठं वाचलं नव्हतं, पण माझ्या आवाजात खात्री होती आणि घरात दुसरा बी.एस्सी. नव्हता.

वैशाखी पौर्णिमा आली. आमच्याकडे सकाळी वंदना व्हायची आणि मग आळी खिरीला जमायची. शेप्यानं त्या वर्षी उरल्यासुरल्या फांदीवर टोपलीभर आंबे दिले होते. शेवटचे, हे सगळ्यांनाच दिसत होतं. दादा ओसरीवर बसले. एकेकाच्या तळहातावर आंबा, वरून दुसरा हात. जो तो आंबा घेऊन आधी देठाशी वास घ्यायचा आणि मान हलवायचा. सालूबाई आली आणि अंगणातच उभी राहिली. दादा म्हणाले, वर या. ती म्हणाली, "राहू द्या गुरुजी. हात धुतले न्हाईत." या वेळी ती हसत नव्हती.

दादांनी हातातला आंबा तसाच धरला. मग ते पायरी उतरून अंगणात गेले, तिच्या हातात आंबा दिला आणि तिचं मनगट धरून तिला घरात घेऊन आले. सरळ मागच्या खोलीकडे. मला काय होतंय ते कळेपर्यंत दार उघडलेलं होतं.

"सालूबाई, तुमचा नारळ हितं हाय. बघा. हात लावून बघा." आणि मागं वळून आळीला म्हणाले, "समद्यांनी या."

मी पुढं आडवा झालो. माझा आवाज चिरका निघाला. "दादा, ही शेप्याची शेवटची पोरं आहेत. मरतील."

"मरू दे," दादा म्हणाले. त्यांचा चेहरा मला बघवला नाही. "दाराबाहेर मानूस हुभा करून जगणारं झाड मला नको."

मी बाजूला झालो. झालो म्हणजे लोकांच्या रेट्यानं केला गेलो. आणि मग जे झालं त्याला आमच्या आळीचा काही दोष नाही. त्यांना सांगितलं होतं की बाटलीत आंबा आहे. आता आंबा म्हटल्यावर वास घेणार नाही तो माणूस कसला? पहिला बोळा निघाला, मग पटापट सगळे. कुणी वास घेतला, कुणी बाटली कानाशी धरून हलवली, कुणी आत फुंकर मारली. एका म्हाताऱ्यानं बोळा सवयीनं अत्तराच्या फायासारखा कानात खोचला आणि तो तसाच घरी गेला. सालूबाईनं बोट बुडवून जेली चाटली. "गोड हाय," ती म्हणाली, "पर कसलंतरी औषिद पडलंय." मी कोपऱ्यात उभा होतो. तोंडाला रुमाल बांधलेला होताच, त्यामुळे मी रडतोय की काय ते कुणाला दिसलं नाही.

सगळे गेल्यावर दादांनी एक बाटली उचलली. बराच वेळ वास घेतला. मग बोळा पुन्हा नीट बसवून ती होती तिथं ठेवली.

आठवडा झाला नाही तोच पीक आलं. पांढरी बुरशी, हिरवी, काळी, एक तर केशरी! मी दादांशी बोलणं बंद केलं. मिरगाआधीच्या वावटळीत शेप्या पडला. सालूबाईच्या छपरावर पडू नये म्हणून की काय, उलट्या बाजूला पडला. दादा त्या दिवशी झाडापासून हलले नाहीत. खोडाचा मधला भाग पोकळ निघाला होता, त्यात ते हात घालून बघत बसले. मला वाटलं जावं आणि शेजारी बसावं. पण मी रागावलेला होतो, आणि राग तर शिकलेल्या माणसाचा, त्याला सहज उतरता येत नाही.

मी एक बाटली पिशवीत घालून औरंगाबादला गेलो. दादांविरुद्ध पुरावा म्हणून. सरांनी या वेळी मला काचेच्या खोलीत बोलावलं. बाटली उजेडात धरली आणि विचारलं, हे काय? म्हटलं आंबा. सर हसायला लागले. म्हणाले, अरे, केळी निमूटपणे येते, आंबा नाही येत. मी स्वतः दोनदा हात पोळून घेतलेत. कापला की काळा रस सोडतो आणि आपल्याच रसात मरतो.

"हे काळं आधी आलं की बुरशी आधी?" त्यांनी विचारलं.

"काळं आधी, सर."

"मग बुरशी नुसती मयतीला आली होती."

येताना एस.टी.त मी ती बाटली मांडीवर घेऊन बसलो होतो. घरी येऊन दादांना सगळं सांगितलं. मला वाटलं त्यांना बरं वाटेल. झाड त्यांच्यामुळं गेलं नव्हतं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे कुणी हात लावला नसता तरी मेलंच असतं?"

"हो, दादा."

"मंग सालूबाईला बाहेर काहून ठुलं व्हतं?"

नंतर मी जालन्याच्या एका शाळेत शास्त्राचा शिक्षक झालो, मुलांना जंतू शिकवले, हात धुवायला शिकवले, पण या प्रश्नाचं उत्तर काही सापडलं नाही. बाटल्यांमध्ये मायनं रॉकेल भरून ठेवलं.

मधे काही वर्षं गेली आणि एका उन्हाळ्यात मायचा निरोप आला की सालूबाईनं बोलावलंय, जल्दी ये. गेलो. पौर्णिमेच्या त्या आंब्याची कोय सालूबाईनं मेंढ्यांच्या वाड्याशी पुरली होती. आळीत आणखी तिघांनी पुरल्या होत्या. त्यांची झाडं आली, आंबे आंबट ढोण निघाले. सालूबाईच्या झाडाला लेंडीखत भरपूर, ते त्या वर्षी पहिल्यांदा फळलं होतं. मी तिच्या अंगणात शिरलो तर दादा आधीच तिच्या ओसरीवर बसलेले, कोपरापर्यंत रस ओघळलेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"जरा आंबट हाय," ते म्हणाले. "पर शेप्याच हाय."

वास मला अंगणातच आला. शेपूचा. मी चपला काढून पायरी चढणार, इतक्यात सालूबाई आतून आली आणि दारात दोन्ही हात आडवे करून उभी राहिली.

"थांब. हात धुतले का?"

मी रांजणाशी गेलो, हात धुतले, कोपरापर्यंत. परत येऊन दोन्ही बाजूंनी दाखवले. तिनं ते उलटेपालटे करून नीट तपासले, दादा बघत होते. मग तिनं माझ्या तळहातावर आंबा ठेवला आणि वरून आपला हात ठेवला, थेट दादांसारखा. मी आंबा तोंडाकडे नेला तसा तिनं माझा हात धरला.

"आन् रुमाल? रुमाल बांध आधी तोंडाला."

दादा हसता हसता ओसरीवर आडवे झाले. मी खिशातून रुमाल काढला आणि मुकाट्यानं तोंडाला बांधला. तो बांधून आंबा कसा खायचा, हे मात्र बी.एस्सी.ला शिकवलेलं नव्हतं.